बाळंतपणाच्या काळातील नैराश्याचा अभ्यास कसा आखावा

मनोविकारशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, समाजवैद्यक आणि परिचर्या या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे अनेक विद्यार्थी प्रबंधासाठी प्रसूतीपश्चात नैराश्य हा विषय निवडतात. विषय महत्त्वाचा आहे, मापनी छोटी आहे आणि सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात बाळंतिणींची वाण नसते. मात्र याच सोयींमुळे पुष्कळ प्रबंध एकाच साच्यातून निघाल्यासारखे होतात. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरी सोडण्यापूर्वी, प्रश्नावली भरून घ्यायची, गुणांची बेरीज करायची आणि अमुक टक्के स्त्रियांना नैराश्य आहे असे लिहून मोकळे व्हायचे, ही ती पद्धत. प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बऱ्याच स्त्रियांना रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते, आणि दहा-बारा दिवसांत ते आपोआप ओसरते. त्या दिवसांत मोजलेले गुण नैराश्याचे मानणे चूक आहे. म्हणून या मार्गदर्शनातील बहुतेक सूचना एकाच भूमिकेतून दिल्या आहेत: अभ्यासाचे वेळापत्रक रुग्णालयाच्या सोयीने न ठरवता त्या स्त्रीच्या गर्भारपणाच्या आणि बाळंतपणाच्या वर्षाकडे पाहून ठरवावे.

प्रश्न ठरवताना

'प्रमाण किती' या प्रश्नाला आता फारशी धार उरलेली नाही. भारतातील ३८ अभ्यासांचे आणि त्यांतील २० हजारांहून अधिक मातांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात प्रसूतीपश्चात नैराश्याचे एकत्रित प्रमाण २२ टक्के आले. आपल्या रुग्णालयात ते १९ आहे की २४, हे कळल्याने उपचारांत काही बदल होणार नसेल, तर तोच प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी स्त्रियांचा वेळ घेऊ नये. ज्यांच्याविषयी माहितीच तुटपुंजी आहे असा गट निवडला, तर हाच प्रश्न पुन्हा जिवंत होतो. ज्यांचे अपुऱ्या दिवसांचे बाळ नवजात अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे राहते अशा माता, वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रिया, किंवा बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडून हंगाम संपेपर्यंत फडावरच राहणाऱ्या गर्भवती, अशी उदाहरणे देता येतील.

प्रश्न कसा बांधावा याचा चांगला नमुना आपल्या शेजारीच, गोव्यात, आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७० स्त्रियांना गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत, म्हणजे प्रसूतीआधीच, सहभागी करून घेतले गेले आणि प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी व पुन्हा ६ महिन्यांनी त्यांची तपासणी झाली. ६ ते ८ आठवड्यांच्या भेटीत २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. पण त्याहून बोलका आकडा असा की, त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. प्रसूतीनंतर सुरू झालेल्या अभ्यासाला हे कधीच दिसले नसते. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि बाळाचे लिंग यांचा नैराश्याशी असलेला संबंधही याच अभ्यासात पुढे आला. आपला प्रश्न लिहून झाल्यावर स्वतःला एवढेच विचारावे की, ज्या गोष्टीला आपण कारण म्हणणार आहोत ती परिणामाच्या आधी मोजली जाणार आहे का. ती आधी मोजली जाणार नसेल, तर निष्कर्षात 'कारण' हा शब्द वापरता येणार नाही.

व्याख्याही पहिल्याच पानावर स्पष्ट असावी. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेनुसार लक्षणे गर्भारपणात किंवा प्रसूतीनंतर ४ आठवड्यांत सुरू झालेली असावी लागतात, तर आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात प्रसूतीनंतरच्या सुमारे ६ आठवड्यांचा विचार आहे. संशोधनात मात्र पहिले संपूर्ण वर्ष धरण्याचा प्रघात आहे. यांपैकी कोणतीही मर्यादा घ्यावी, परंतु ती मध्येच बदलू नये.

मापनी आणि निदान यांतील अंतर

एडिनबरो प्रसूतीपश्चात नैराश्य मापनी, म्हणजेच ईपीडीएस, जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. तीत १० प्रश्न आहेत, एकूण गुण ० ते ३० असतात आणि मागील ७ दिवसांविषयी विचारले जाते. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या सर्वसाधारण मापनीत ९ प्रश्न, ० ते २७ गुण आणि मागील २ आठवडे, असा हिशेब आहे. तान्ह्या बाळाच्या आईची झोप मोडलेली असते, ती थकलेली असते आणि तिची भूकही बदललेली असते. पीएचक्यू-९ मध्ये या तिन्ही गोष्टींना गुण मिळतात. ईपीडीएसमध्ये शारीरिक लक्षणे जाणूनबुजून वगळली आहेत, आणि झोपेविषयीचा प्रश्नही दुःखामुळे झोप न लागण्याशी बांधलेला आहे. निव्वळ बाळंतिणींचा अभ्यास असेल, तर मी ईपीडीएसच सुचवेन. गर्भारपणापासून वर्षभर एकाच मापनीने जायचे असेल किंवा इतर रुग्णगटांशी तुलना करायची असेल, तर पीएचक्यू-९ ची बाजू भक्कम ठरते.

ईपीडीएस वापरणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे पर्याय वरून खाली ०, १, २, ३ असे मोजले जातात. उरलेल्या सात प्रश्नांचे पर्याय ३ पासून ० कडे उलटे मोजावे लागतात. हे संगणकातील तक्त्यात आधीच बसवून ठेवावे आणि पहिल्या वीस अर्जांची बेरीज दोघांनी स्वतंत्रपणे हाताने करून पाहावी.

मराठी आवृत्ती वापरताना ती कोणत्या लोकांत तपासली गेली आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुण्यातील सुशिक्षित स्त्रियांना कळणारे वाक्य खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या बाईला तसेच कळेल असे गृहीत धरता येत नाही. दहा-पंधरा स्त्रियांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवावा आणि 'यातून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा' असे विचारावे. या कामाला दोन दुपारी पुरतात, आणि एवढ्याने नंतरचे कितीतरी निरर्थक गुण टळतात. ज्या स्त्रिया स्वतः वाचू शकत नाहीत त्यांना प्रश्न वाचून दाखवायचे असतील, तर ते सर्वांनाच वाचून दाखवावेत. निम्म्या जणींनी स्वतः भरलेले अर्ज आणि निम्म्या जणींनी परिचारिकेसमोर मोठ्याने दिलेली उत्तरे यांची तुलना करता येत नाही.

आता गुणमर्यादेचा प्रश्न. मूळ अभ्यासानंतर १३ किंवा अधिक गुण ही मर्यादा रूढ झाली; गोव्यात १२ किंवा अधिक ही मर्यादा वापरली गेली; २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात ११ किंवा अधिक ही मर्यादा संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांना ओळखण्याचे प्रमाण) व विशिष्टता (नैराश्य नसलेल्यांना बरोबर वगळण्याचे प्रमाण) यांचा सर्वांत चांगला मेळ साधते असे दिसले, तेव्हा संवेदनशीलता सुमारे ८१ टक्के आणि विशिष्टता सुमारे ८८ टक्के होती. हे आकडे ऐकायला छान वाटतात. त्यांचा हिशेब मात्र मांडून पाहावा. समजा, १,००० मातांपैकी १०० जणींना खरोखर नैराश्य आहे. मापनी त्यांतील ८१ जणी ओळखेल. उरलेल्या ९०० जणींपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जणी, नैराश्य नसतानाही मर्यादेच्या वर जातील. एकूण १८९ जणी 'पॉझिटिव्ह' ठरतील, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणींना नैराश्य नसेल. प्रबंधात १८.९ टक्के हा आकडा छापला जाईल, प्रत्यक्ष प्रमाण मात्र १० टक्के असेल. म्हणून मापनीवरून निघालेल्या आकड्याला 'संभाव्य नैराश्य' म्हणावे. निदानाबद्दल बोलायचे असेल, तर मर्यादेवरील सर्व स्त्रियांची आणि मर्यादेखालील काहींची यादृच्छिक पद्धतीने निवड करून मिनी किंवा एससीआयडी यांसारखी संरचित मुलाखत घ्यावी, आणि मुलाखत घेणाऱ्याला त्या स्त्रीचे गुण माहीत नसावेत.

निदानाच्या वाटेवर शरीराचाही विचार व्हावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे नोंदले गेले. थकवा, निरुत्साह आणि चिडचिड यांमागे रक्तक्षय किंवा प्रसूतीनंतरचा थायरॉइडचा विकारही असू शकतो. हिमोग्लोबिनचा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर बहुधा मिळतोच, तो नोंदवावा, आणि शक्य असल्यास थायरॉइडसाठीच्या टीएसएच या रक्ततपासणीची तरतूद करावी.

माहेर, सासर आणि पाठपुरावा

या विषयावरील अभ्यास सर्वाधिक मोडतात ते पाठपुराव्यात. मराठी घरांत पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सातव्या महिन्याच्या ओटीभरणानंतर मुलगी माहेरी जाते आणि बाळ सव्वा महिन्याचे, कधी तीन-चार महिन्यांचे, झाल्यावर सासरी परतते. सासरच्या गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदणी झालेली स्त्री बाळंत होते दुसऱ्या तालुक्यात, आणि सहाव्या आठवड्याच्या भेटीत आपल्या यादीतील निम्मी नावे सापडत नाहीत. तिला 'पाठपुराव्यातून गळालेली' म्हणणे हा खरे तर अभ्यासाच्या आखणीचा दोष तिच्या माथी मारणे आहे. शिवाय ही गळती यादृच्छिक नसते. ज्यांना माहेरचा आधार आहे त्या एका गटात जातात, ज्यांना माहेर नाही किंवा पाठवलेच जात नाही त्या दुसऱ्या गटात राहतात, आणि नैराश्याशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध असू शकतो नेमका तोच घटक आपल्या आकड्यांतून निसटतो.

यावर उपाय आहेत. नोंदणीच्या वेळीच प्रसूती कुठे होणार, किती दिवस तिथे राहणार, तिथली आशा कोण, हे विचारून घ्यावे. सासरचा आणि माहेरचा असे दोन पत्ते घ्यावेत. फोन नंबर कोणाचा आहे हे स्पष्ट लिहावे, कारण तो पुष्कळदा नवऱ्याचा असतो, आणि त्यावर काय बोलायचे व काय बोलायचे नाही हे तिच्याकडूनच ठरवून घ्यावे. भेटींच्या तारखा आधीच अस्तित्वात असलेल्या फेऱ्यांना जोडाव्यात. गर्भारपणात दर महिन्याच्या ९ तारखेची प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. प्रसूतीनंतर आशाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी होतात. बाळाचे लसीकरण ६, १०, १४ आठवड्यांनी आणि पुढे ९ महिन्यांनी असते. आई स्वतःच्या तपासणीला येईलच असे नाही. बाळाची लस मात्र ती सहसा चुकवत नाही. सहाव्या आठवड्याची ईपीडीएस लसीकरणाच्या दिवशी ठेवली, तर तिला वेगळी फेरी पडत नाही आणि घरी वेगळे कारणही द्यावे लागत नाही.

नमुन्याचा आकारही हे धरूनच काढावा. अपेक्षित प्रमाण २२ टक्के, विश्वासपातळी ९५ टक्के आणि कमाल चूक ५ टक्के धरली, तर २६४ स्त्रिया लागतात. २० टक्के गळती अपेक्षित असेल तर ३३० जणींपासून सुरुवात करावी लागते. गळती ४० टक्के असेल तर हा आकडा ४४० वर जातो. मात्र संख्या वाढवल्याने वर सांगितलेल्या गळतीतून येणारा एकांगीपणा दुरुस्त होत नाही, म्हणून खर्च करायचाच असेल तर तो अर्जांच्या छपाईपेक्षा माहेरच्या गावापर्यंतच्या प्रवासावर करावा.

संमती आणि एकांत

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य सेवा कायदा, हे दोन्ही मूळ स्वरूपात वाचल्याशिवाय नैतिकता समितीकडे प्रस्ताव पाठवू नये. कायद्याच्या कलम ९९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीवरील संशोधनासाठी, अगदी केवळ मुलाखतीसाठीही, त्या व्यक्तीची स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमती लागते. जी व्यक्ती संमती देऊ शकत नाही, पण सहभागास विरोधही करत नाही, तिच्या बाबतीत राज्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. नैराश्य आहे म्हणून स्त्री निर्णय घेऊ शकत नाही असे गृहीत धरणे चुकीचे आहे. बहुसंख्य स्त्रिया तो घेऊ शकतात.

सज्ञान स्त्रीच्या सहभागासाठी नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. घरच्यांशी बोलण्यात गैर काही नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्याशिवाय दारही उघडत नाही. पण ते बोलणे अभ्यासाच्या सर्वसाधारण ओळखीपुरते ठेवावे. अभ्यासाचे नावही साधे असावे. फलकावर आणि कार्डावर 'माता आरोग्य अभ्यास' एवढेच लिहावे. मनोविकार, नैराश्य किंवा कौटुंबिक हिंसा हे शब्द स्त्रीला एकट्याने समजावून सांगताना आणि माहितीपत्रकात स्पष्ट यायलाच हवेत, मात्र ते पत्रक घरी न्यायचे की नाही हे तिने ठरवावे.

एकांत हा या संशोधनातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि पद्धतीच्या प्रकरणात त्यावर बहुधा एक ओळही नसते. बाळंतिणीच्या खोलीत कोणी ना कोणी असतेच. मुलाखतीला दोघींनी जावे, एकीने सासूबाईंशी बाळाच्या वजनाविषयी, लसीविषयी, घरातील इतर मुलांविषयी सविस्तर बोलत बसावे आणि तोवर दुसरीने प्रश्न विचारावेत; आरोग्य केंद्रात वजन-उंचीच्या निमित्ताने आईला आतल्या खोलीत न्यावे. कोणी मध्येच आले, तर लगेच स्तनपानाचा किंवा लसीकरणाचा विषय काढता यावा, म्हणून असा एक निरुपद्रवी कागद कायम वर ठेवावा. नवऱ्याविषयीचे प्रश्न एकांत नसेल तर विचारूच नयेत. रकान्यात 'एकांत मिळाला नाही' अशी नोंद करावी. हिंसेविषयी विचारणार असाल, तर एका घरातील एकाच स्त्रीला विचारावे, आणि मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्रासारखी मदत आपल्या भागात कोठे मिळते, हे आधी स्वतः तिथे जाऊन पाहून घ्यावे.

अठरा वर्षांखालील गर्भवती समोर आली, तर पोक्सो कायद्यानुसार कळवण्याचे बंधन असते. ती अभ्यासात बसत नाही एवढ्यावर हात झटकता येत नाहीत. काय करायचे, याची लेखी पद्धत समितीकडून आधीच मंजूर करून घ्यावी.

दहावा प्रश्न

ईपीडीएसचा दहावा आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. या प्रश्नाला शून्याखेरीज दुसरे उत्तर आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, ती स्त्री निघून जाण्यापूर्वी तिच्याशी बोलले गेले पाहिजे. अर्ज गोळा करून शनिवारी संगणकात भरण्याची सवय इथे धोकादायक आहे. पहिला अर्ज भरण्यापूर्वीच लेखी ठरवावे: अर्ज त्याच क्षणी कोण पाहील, त्या दिवशी ड्युटीवर असलेले मनोविकारतज्ज्ञ कोण, तालुक्याच्या ठिकाणी ते नसतील तर फोनवर कोण, रुग्णवाहिका कुठून येईल, घरच्यांपैकी कोणाला आणि कितपत सांगायचे. विचार, योजना, साधन हाताशी असणे आणि पूर्वीचा प्रयत्न, हे चार मुद्दे विचारण्याचा सराव प्रत्येक मुलाखतकर्त्याने करावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीला द्यावा, परंतु क्रमांक दिला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे मानू नये.

बाळंतपणानंतरचा मनोविक्षेप हा वेगळा आणि तातडीचा आजार आहे. दर हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना तो होतो, आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. आठवडाभर जवळजवळ न झोपलेली, गोंधळलेली, बाळाविषयी विचित्र समजुती बोलणारी स्त्री प्रश्नावली भरण्याच्या स्थितीत नसते. तिला त्याच दिवशी दाखल करावे लागते. बाळ तीन वर्षांखालील असल्यास उपचारांच्या काळात त्याला सहसा आईपासून दूर करू नये, असे मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ सांगते. मनोविकार वॉर्डात बाळाची सोय आहे का, हे म्हणूनच अभ्यास सुरू होण्यापूर्वी पाहावे.

उपचारांची चाचणी करायची असल्यास

प्रबंधाच्या मुदतीत औषधाची चाचणी सहसा झेपत नाही. गर्भवती आणि स्तनदा मातांना औषधचाचण्यांतून दशकानुदशके वगळले गेल्यामुळे माहितीची मोठी पोकळी आहे हे खरे. खास प्रसूतीपश्चात नैराश्यासाठीचे पहिले औषध, ब्रेक्सानोलोन, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले आणि ते ६० तास शिरेतून द्यावे लागत असे, तर तोंडाने १४ दिवस घेण्याचे झुरानोलोन २०२३ मध्ये आले. ही पोकळी भरण्यासाठी २०१९ च्या नवी औषधे व चिकित्सा चाचणी नियमांची संपूर्ण यंत्रणा पाठीशी लागते. त्यापेक्षा आधीच वापरात असलेली औषधे घेणाऱ्या मातांची काळजीपूर्वक ठेवलेली नोंदवही हे एका विभागाला पेलणारे आणि उपयोगी काम आहे.

समुपदेशनाची चाचणी मात्र शक्य कोटीतली आहे. पाकिस्तानात अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला 'थिंकिंग हेल्दी' हा मातांसाठीचा समुपदेशन कार्यक्रम पुढे गोव्यात शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्त्रियांकरवी, 'सखीं'करवी, राबवला गेला. २८० गर्भवतींचा समावेश असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण सखींच्या गटात अधिक होते, पण लक्षणांच्या तीव्रतेच्या सरासरीत ठोस फरक दिसला नाही. दोन मुख्य निकषांची उत्तरे अशी वेगवेगळी आली, हे लपवले गेले नाही. आपला मुख्य निकष आधी जाहीर करण्याचे महत्त्व इथे कळते. भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, १ एप्रिल २०१८ पासून पहिल्या सहभागीच्या आधीच नोंदणी करावी लागते. निरीक्षणात्मक अभ्यासही तिथे नोंदवता येतात आणि ते नोंदवावेत. तुलनागटातील स्त्रियांना 'काहीच नाही' असे देता येत नाही. त्यांना नेहमीची सेवा, गुण मर्यादेवर असल्याची कल्पना आणि संदर्भसेवेची चिठ्ठी मिळालीच पाहिजे.

नोंदी आणि अहवाल

नाव-पत्त्याची यादी आणि उत्तरांचे तक्ते वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या परवलीच्या शब्दांखाली ठेवावेत. भरलेल्या अर्जांचे फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय पहिल्या दिवसापासून बंद करावी. लहान गावातील अभ्यासात वय, जात, मुलांची संख्या आणि बाळाचे वजन एवढ्यावरूनही बाई ओळखू येते, त्यामुळे तक्त्यात पाचपेक्षा कमी संख्या असलेले रकाने एकत्र करावेत.

अहवालात किती जणींना विचारले, किती जणींनी नकार दिला, किती माहेरी गेल्या, त्यांपैकी किती तिथे भेटल्या आणि किती जणींची मुलाखत एकांताअभावी अर्धवट राहिली, हे एका आकृतीत दाखवावे. भेटलेल्या आणि न भेटलेल्या स्त्रियांची नोंदणीच्या वेळची माहिती शेजारी शेजारी मांडावी. दहाव्या प्रश्नाला होकार देणाऱ्या किती होत्या, त्यांपैकी किती जणी तज्ज्ञापर्यंत पोहोचल्या आणि किती जणींनी उपचार सुरू केले, हा तक्ता बहुतेक प्रबंधांत नसतो. परीक्षक तो मागत नाहीत, तरी तो द्यावा, आणि त्याची एक प्रत ज्या आरोग्य केंद्रांत अभ्यास झाला तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशा गटप्रवर्तकांना मराठीत लिहून पाठवावी.